खातं प्रायव्हेट केलं, तरी नको त्यांना पोस्ट दिसतातच: कारणं आणि उपाय

तक्रार जवळजवळ नेहमी याच शब्दांत येते: 'खातं प्रायव्हेट केलंय, तरी अनोळखी माणसाला माझी पोस्ट दिसली.' तिची जुळी बहीण म्हणजे 'काढून टाकलेला फॉलोअर दोन दिवसांत परत हजर.' तिसरी अगदी उलट: 'फॉलोअर भरपूर आहेत, पण पोस्ट कुणाला दिसतच नाही.' बहुतेक वेळा यात बिघाड काहीच नसतो. सेटिंग एक करत असतं आणि आपण भलतंच गृहीत धरलेलं असतं.

म्हणून सुरुवातीलाच तीन गोष्टी सुट्या करून घ्या. फॉलोअर म्हणजे ज्याच्या फीडमध्ये तुमची पोस्ट आपोआप जाऊ शकते तो. प्रेक्षक म्हणजे पोस्ट उघडून बघण्याची मुभा ज्याला आहे तो. आणि तिसरं आहे सापडणं, म्हणजे नाव, फोन नंबर, ईमेल किंवा गूगल यांवरून तुमच्या प्रोफाइलपर्यंत पोचता येणं. इन्स्टाग्राम आणि एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) पहिल्या दोन गोष्टी एकाच बटणाला बांधलेल्या आहेत. खातं प्रायव्हेट असेल तर जो फॉलोअर तोच प्रेक्षक. फेसबुकवर मात्र दोन्हींची सेटिंग्ज वेगळी: फॉलोअर एकही नसला तरी पब्लिक पोस्ट सगळ्या जगाला दिसते. इन्स्टाग्रामची सवय घेऊन माणूस फेसबुकची सेटिंग्ज लावायला बसतो आणि निम्म्या तक्रारी तिथेच जन्माला येतात. सापडण्याचं प्रकरण तर सगळीकडेच निराळं. प्रायव्हेट खातंही शोधात दिसतं, त्याचं नाव, फोटो आणि बायो कुणालाही वाचता येतो.

आधी बाहेरून बघा

सेटिंग्जमध्ये शिरण्याआधी आपलं प्रोफाइल परक्याच्या नजरेनं पाहून घ्या. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, लॉगइन न करता प्रोफाइलचा पत्ता टाका. जे दिसेल ते सगळ्यांसाठी उघडं आहे. पण काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच साइट्स लॉगइन न केलेल्याला थोडंसं दाखवून पुढं अडवतात. तेव्हा तुमच्याशी काहीही संबंध नसलेल्या एखाद्या खात्यातूनही बघायला हवं. घरातल्या कुणाचं तरी खातं चालेल, फक्त ते तुम्हाला फॉलो करत नसावं.

फेसबुकवर यासाठी 'व्ह्यू ॲज' आहे. आपल्या प्रोफाइलवर तीन टिंबांच्या मेनूत ते सापडतं. त्यात तुमचं प्रोफाइल परक्याला कसं दिसतं ते कळतं, पण इतरांच्या पोस्टखाली आणि ग्रुपमध्ये तुम्ही जे लिहिलं ते त्यात येत नाही. गळती बऱ्याचदा तिथूनच असते, त्याबद्दल पुढे.

खाली दिलेले मेनूचे रस्ते ॲपच्या आवृत्तीनुसार थोडे सरकतात. एखादं नाव जागेवर सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वर जी शोधपट्टी असते तिच्यात ते टाका. मेनू चाचपडण्यापेक्षा ते लवकर होतं.

काढलेला फॉलोअर परत का येतो

कारण क्रम उलटा झालेला असतो. खातं पब्लिक असताना फॉलोअर काढला तर त्याला पुन्हा फॉलो करायला कुणाची परवानगी लागत नाही. तो एक बटण दाबतो आणि परत येतो. म्हणून कुलूप आधी, झाडलोट नंतर. इन्स्टाग्रामवर असं करा:

१. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट प्रायव्हसी' उघडा, 'प्रायव्हेट अकाउंट' चालू करा.
२. प्रोफाइलवर येऊन 'फॉलोअर्स'ची यादी उघडा. नको त्या नावासमोरचं 'रिमूव्ह' दाबा. समोरच्याला याची सूचना जात नाही.
३. यादी मोठी असेल तर एका बैठकीत सगळी उपसू नका. भराभर एकच कृती केली की 'नंतर प्रयत्न करा' अशा अर्थाचा संदेश येतो आणि ते बटण काही काळ चालेनासं होतं. तो संदेश दिसला की हात थांबवा, दुसऱ्या दिवशी पुढं चालू करा. परत परत दाबत राहिल्यानं अडवणूक लांबते.
४. झाडलोट झाल्यावर 'फॉलो रिक्वेस्ट'ची यादी बघा. काढलेल्यांपैकी काही जण तिथे नव्यानं उभे असतील.

पायरी २ कुणीच वगळू नये, कारण प्रायव्हेटचं बटण फक्त यापुढे येणाऱ्यांना अडवतं. घराला कुलूप घातलं तरी आत आधीच बसलेले पाहुणे आतच राहतात. अनोळखी माणसाला पोस्ट कशी दिसली याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं उत्तर हेच असतं: तो अनोळखी नव्हताच, तीन वर्षांपूर्वीचा फॉलोअर होता. मधल्या काळात त्यानं नाव आणि फोटो बदलला, म्हणून ओळखू आला नाही.

दुसरी वाट अशी की खातं मध्येच काही दिवस पब्लिक झालं होतं. प्रोफेशनल खातं (व्यवसायासाठीचं किंवा क्रिएटरचं) करून पाहताना हे हमखास घडतं. इन्स्टाग्रामवर प्रोफेशनल खातं प्रायव्हेट ठेवता येत नाही. आकडेवारी बघायला मिळावी म्हणून लोक बदल करतात, नंतर परत वैयक्तिक खात्यावर येतात. पण त्या उघड्या दिवसांत जे कुणी फॉलो करून गेले ते विनापरवाना आत आलेले असतात आणि तसेच राहतात. प्रायव्हेटचं बटण दाबता येत नाही अशी तक्रार असेल तर कारण हेच. 'अकाउंट टाइप' मध्ये जाऊन आधी वैयक्तिक खात्यावर या.

एक्सवर हेच सेटिंग 'प्रायव्हसी अँड सेफ्टी' मध्ये 'ऑडियन्स अँड टॅगिंग' खाली 'प्रोटेक्ट युअर पोस्ट्स' या नावानं आहे. ते चालू केलं की आधीच्या सार्वजनिक पोस्टसुद्धा फक्त फॉलोअरांपुरत्या होतात आणि फॉलोअरांनाही त्या रीपोस्ट करता येत नाहीत. जुने फॉलोअर इथेही राहतातच. ते काढायला २०२१ पासून 'रिमूव्ह धिस फॉलोअर' आहे. त्याआधी लोक ब्लॉक करून लगेच अनब्लॉक करत. ती युक्ती आजही चालते, पण आता तिची गरज नाही. पुन्हा पब्लिक व्हायचं असेल तर थांबलेल्या विनंत्या आधी निकालात काढा. एक्सवर त्या आपोआप मंजूर होत नाहीत, तशाच लटकत राहतात.

मास्टोडॉन (एक्ससारखंच, पण अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं जाळं) वापरणाऱ्यांसाठी इथे एक खास खड्डा आहे. तिथे 'फक्त फॉलोअर' अशी पोस्टची पातळी मिळते आणि लोक तिला खासगी समजतात. पण मुळात कुणीही परवानगीशिवाय फॉलोअर होऊ शकतो. म्हणजे दाराला 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी, आणि सभासदत्व दारातच फुकट. 'पब्लिक प्रोफाइल' मधल्या 'प्रायव्हसी अँड रीच' मध्ये नवे फॉलोअर आपोआप स्वीकारण्याची खूण काढली तरच त्या पातळीला अर्थ येतो. तिथलीच दुसरी चूक अधिक महाग पडते. खासगी उल्लेखाच्या संदेशात तिसऱ्या माणसाचं पूर्ण हँडल (ॲट चिन्हानं सुरू होणारं वापरनाव) लिहिलं की तो संदेश त्यालाही पोचतो. ज्याच्याबद्दल कुजबुज चालली आहे त्याच्याच कानात. नाव घ्यायचंच असेल तर ॲट चिन्हाशिवाय घ्या.

ब्लूस्काय या एक्ससारख्याच साइटवर प्रायव्हेट खातंच नाही. तिथे पोस्ट, लाइक आणि कुणी कुणाला ब्लॉक केलं तेही सार्वजनिक असतं. लॉगआउट असलेल्यांना दाखवू नका असं सेटिंग आहे, पण ती इतर ॲप्सना केलेली विनंती आहे, बंधन नव्हे. खासगी ठेवायचं ते तिथे लिहायचंच नाही, एवढाच उपाय.

फेसबुक: इथे गुंता जास्त आहे

फेसबुकवर प्रत्येक पोस्टला स्वतःचा प्रेक्षक असतो आणि तो पोस्टला चिकटून राहतो. आज तुम्ही डिफॉल्ट 'फ्रेंड्स' केलंत तरी गेल्या दहा वर्षांत पब्लिक टाकलेलं सगळं पब्लिकच राहतं. इथेच 'सेटिंग बदललं पण उपयोग नाही' असं वाटतं. उपयोग झालेला असतो, फक्त पुढच्या पोस्टपुरता.

मागचं झाकायला 'लिमिट पास्ट पोस्ट्स' आहे. शोधपट्टीत 'पास्ट पोस्ट्स' टाकलंत तर लगेच येईल. एका फटक्यात पब्लिक आणि मित्रांचे मित्र या दोन्ही प्रकारच्या जुन्या पोस्ट 'फ्रेंड्स' होतात. दाबण्याआधी एक लक्षात ठेवा: हे उलटं फिरवण्याचं बटण नाही. मुद्दाम पब्लिक ठेवलेली एखादी सूचना किंवा लेख असेल तर तो नंतर हातानं एकेक करून पब्लिक करावा लागेल. निवडक पोस्टच हलवायच्या असतील तर 'ॲक्टिव्हिटी लॉग' मधून वर्षानुसार गाळून त्या एकगठ्ठा आर्काइव्हमध्ये किंवा ट्रॅशमध्ये टाका. ट्रॅशमधलं ३० दिवसांनी कायमचं जातं.

आता फॉलोअर. तुम्हाला आलेली फ्रेंड रिक्वेस्ट तुम्ही नाकारली किंवा तशीच पडू दिली, तरी पाठवणारा तुमचा फॉलोअर झालेला असू शकतो. फॉलो करण्याची मुभा सगळ्यांना असेल तर रिक्वेस्ट पाठवताक्षणी फॉलो सुरू होतं. मित्र पाचशे आणि फॉलोअर दोन हजार अशा याद्या यातूनच तयार होतात. 'ऑडियन्स अँड व्हिजिबिलिटी' खाली 'फॉलोअर्स अँड पब्लिक कंटेंट' उघडून 'हू कॅन फॉलो मी' ला 'फ्रेंड्स' करा. पण हे करून थांबलात तर काम अर्धंच झालं. फॉलो बंद झालेला माणूसही प्रोफाइलवर येऊन पब्लिक पोस्ट वाचू शकतो. म्हणून फेसबुकवर पोस्टचा प्रेक्षक आधी बदलायचा, फॉलोअरकडे नंतर बघायचं. त्याच पानावर पब्लिक पोस्टवर कोण कॉमेंट करू शकतं आणि प्रोफाइलची सार्वजनिक माहिती कुणाला लाइक करता येते हेही ठरवता येतं.

पोस्ट लिहिताना प्रेक्षक निवडण्याची जी खूण नावाखाली असते ती बघण्याची सवय लावा. एखाद्या दिवशी वाढदिवसाची जाहीर पोस्ट 'पब्लिक' टाकली आणि तोच पर्याय पुढच्या पोस्टला लागू राहिला, हे घडतं. स्टोरीचा प्रेक्षक वेगळा असतो. रील टाकतानाही प्रेक्षक तपासून घ्या. रील मुळात अनोळखी लोकांपुढे नेण्यासाठीच केलेली चीज आहे.

टॅग हे गळतीचं आणखी एक भोक. 'फ्रेंड्स'साठी टाकलेल्या फोटोत कुणाला टॅग केलं की त्या व्यक्तीचे मित्रही प्रेक्षकात जमा होतात. तिचे हजार मित्र असतील तर हजारांची भर पडते. टाळायचं तर कस्टम पर्यायात टॅग केलेल्यांच्या मित्रांची खूण काढा. दुसऱ्यांनी तुम्हाला टॅग केल्यावर तुमचे मित्र जोडले जाऊ नयेत असं वाटत असेल तर 'प्रोफाइल अँड टॅगिंग' मध्ये टॅग झालेल्या पोस्टच्या प्रेक्षकात कुणाची भर घालायची त्या प्रश्नाला 'ओन्ली मी' द्या. तिथेच टॅग तपासून मंजूर करण्याची सोय आहे, पण तिची हद्द ओळखा. तुम्ही नामंजूर केलेली पोस्ट फक्त तुमच्या प्रोफाइलवर येत नाही. टाकणाऱ्याकडे ती असतेच आणि त्याच्या लोकांना दिसतेच. ती काढायची तर टॅग काढा आणि टाकणाऱ्याला पोस्ट हटवायला सांगा, दुसरा मार्ग नाही.

चालू प्रोफाइल फोटो आणि कव्हर फोटो सार्वजनिक असतात. काही देशांत प्रोफाइल लॉक करण्याची सोय मिळते. तिच्यात मित्र नसलेल्याला हे फोटो मोठे करून बघता येत नाहीत आणि टाइमलाइनवरच्या जुन्या पब्लिक पोस्टही 'फ्रेंड्स' होतात. ती सोय दिसत असेल तर वरच्या बऱ्याच कसरती वाचतात.

दुसऱ्याच्या अंगणात लिहिलेलं

कॉमेंटला स्वतःची प्रायव्हसी नसते. ज्या पोस्टखाली ती लिहिली तिचा जो प्रेक्षक, तोच कॉमेंटचा. तुमचं खातं किती का घट्ट बंद असेना, पब्लिक पानावरच्या बातमीखाली लिहिलेलं वाक्य नाव-फोटोसकट सगळ्यांना दिसतं. पब्लिक ग्रुपचंही तेच. शिवाय पोस्टचा मालक नंतर तिचा प्रेक्षक वाढवू शकतो. काल मित्रांत असलेली पोस्ट आज पब्लिक झाली तर तुमची कॉमेंटही तिच्याबरोबर बाहेर येते. इलाज म्हणून 'ॲक्टिव्हिटी लॉग' मध्ये कॉमेंट असा गाळणा लावा आणि नको त्या काढा. इन्स्टाग्रामवर 'युअर ॲक्टिव्हिटी' मध्ये अशीच यादी मिळते आणि अनेक कॉमेंट एकदम निवडून काढता येतात.

प्रायव्हेट इन्स्टाग्रामवरून पोस्ट टाकताना ती फेसबुकवरही जाऊ दे असं बटण चालू राहिलं असेल, तर तिथे ती फेसबुकच्या प्रेक्षक-नियमानं दिसते. एका साइटचं कुलूप दुसऱ्या साइटवर चालत नाही. प्रायव्हेट खात्याच्या पोस्ट 'कशा कोण जाणे' बाहेर गेल्या असं वाटतं तेव्हा हे बटण आवर्जून तपासा.

आणि स्क्रीनशॉट. त्यावर कुठल्याच सेटिंगचा इलाज नाही. फोटोचा थेट पत्ता ब्राउझरमधून कॉपी करून दुसऱ्याला दिला तर लॉगइन न करताही तो काही काळ उघडतो, हे कमी लोकांना माहीत असतं. परवानगी पानाला असते. फोटोच्या फाइलला फक्त तिचा लांबलचक पत्ता एवढंच कुंपण.

नको ते लोक सुचवले जातात, किंवा त्यांना आपण

नंबर कुणाला दाखवलेला नाही, तरी 'तुम्ही यांना ओळखत असाल' मध्ये जुना शेजारी, सोडलेल्या ऑफिसातला साहेब, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये नंबर दिलेला माणूस. यामागं बहुधा फोनची संपर्कयादी असते. तुम्ही तुमची अपलोड केली नसली तरी समोरच्यानं त्याची केलेली असते आणि तिच्यात तुमचा नंबर असतो. त्याच्या बाजूनं तुम्ही काही करू शकत नाही, आपल्या बाजूनं तीन गोष्टी करता येतात.

पहिली, नंबर आणि ईमेलवरून सापडणं बंद करा. फेसबुकवर 'हाऊ पीपल फाइंड अँड काँटॅक्ट यू' मध्ये दोन्हींसाठी वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही 'ओन्ली मी' वर न्या. प्रोफाइलवर नंबर लपवणं आणि नंबरवरून शोध बंद करणं ही दोन कामं आहेत, एकानं दुसरं होत नाही. ही खबरदारी कागदी नाही. २०२१ मध्ये १०६ देशांतल्या ५३ कोटींहून जास्त फेसबुक खात्यांची माहिती फोन नंबरांसकट उघड्यावर आली, ती संपर्क जुळवण्याच्या याच सोयीचा गैरवापर करून २०१९ पर्यंत उपसलेली होती. नंबर टाकत जायचं आणि कोणाचा आहे ते साइटकडून वदवून घ्यायचं, एवढीच ती करामत. एक्सवर हे 'डिस्कव्हरेबिलिटी अँड काँटॅक्ट्स' मध्ये सापडतं.

दुसरी, स्वतःची अपलोड केलेली यादी पुसा. मेटाच्या (फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी) 'अकाउंट्स सेंटर' मध्ये 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' खाली 'अपलोड काँटॅक्ट्स' आहे. तिथे ते बंद करा, आधी गेलेले संपर्क हटवा आणि मग फोनच्या सेटिंगमधून ॲपची संपर्क वाचण्याची परवानगीही काढा. परवानगी तशीच ठेवली तर पुढच्या एखाद्या 'मित्र शोधा' च्या खिडकीत चुकून होकार जातो.

तिसरी, मित्रयादी झाका. फेसबुकवर ती 'ओन्ली मी' केली तरी सामाईक मित्र दिसतात, आणि तुमच्या मित्रानं त्याची यादी उघडी ठेवली असेल तर तुमचं नाव तिथे दिसतं. पूर्ण अदृश्य होता येत नाही. पण अनोळखी माणसानं तुमची यादी उघडून नातेवाइकांना एकेक रिक्वेस्ट पाठवणं, तुमच्या नावाचं खोटं खातं काढून पैसे मागणं, हे उद्योग यानं बरेच अवघड होतात.

लिंक्डइनवर उलटा सौदा आहे. दुसऱ्याचं प्रोफाइल पाहिल्यावर त्याला तुमचं नाव कळू नये म्हणून प्रायव्हेट मोड लावलात, तर फुकट खात्यात तुमचं प्रोफाइल कोणी पाहिलं तेही दिसणं बंद होतं. बिघाड समजून ॲप पुन्हा टाकण्यात अर्थ नाही.

उलट तक्रार: कुणालाच दिसत नाही

'शॅडोबॅन', म्हणजे साइटनं न सांगता पोस्ट दडपणं, हा शब्द घाईनं वापरला जातो. आधी साधी कारणं तपासा, बहुतेक वेळा ती पुरतात.

खातं प्रायव्हेट असेल तर हॅशटॅगचा बाहेर काहीच उपयोग नाही. पोस्ट हॅशटॅगच्या पानावर दिसली तरी ती आधीच्याच फॉलोअरांना. एक्सवर प्रोटेक्टेड खात्यानं फॉलोअर नसलेल्याला उत्तर दिलं तर ते त्याला दिसतच नाही. ग्राहक सेवेला चार-चार वेळा टॅग करून उत्तर न येण्याचं कारण अनेकदा हे असतं.

फेसबुकवर प्रेक्षक 'ओन्ली मी' वर अडकला असू शकतो. एखादा कागद साठवायला तसं केलं आणि विसरलं. एकाच मित्राला दिसत नसेल तर तो 'रिस्ट्रिक्टेड' यादीत आहे का बघा: त्याच्या प्रोफाइलवर 'फ्रेंड्स' बटण, मग 'एडिट फ्रेंड लिस्ट'. त्या यादीतल्याला फक्त पब्लिक पोस्ट आणि ज्यात तो टॅग आहे त्याच दिसतात.

व्हॉट्सॲप स्टेटस एका ठरावीक माणसाला दिसत नसेल तर नंबर दोघांनीही एकमेकांचा सेव्ह केलेला हवा. एकानं करून भागत नाही. स्टेटस कोणी पाहिलं हेच दिसत नसेल तर तुमची किंवा बघणाऱ्याची 'रीड रिसीट्स' बंद असेल. आणि स्टेटसची प्रायव्हसी बदलल्यानं आधीच टाकलेल्या स्टेटसवर फरक पडत नाही. चुकीच्या माणसाला जाणार असेल तर सेटिंग नको, स्टेटसच काढा.

इन्स्टाग्राम पब्लिक आहे आणि तरी नवे लोक येत नाहीत, तेव्हा सेटिंग्जमध्ये 'अकाउंट स्टेटस' उघडा. तुमच्या पोस्ट फॉलोअर नसलेल्यांना सुचवल्या जाऊ शकतात की नाही हे तिथे सरळ लिहिलेलं असतं. एखाद्या पोस्टमुळे अडलं असेल तर ती दाखवतात, ती बदलून, काढून किंवा निर्णयावर फेरविचार मागून बघता येतं. तिथे सगळं हिरवं असेल तर पोस्ट कमी चालते आहे, दडपली जात नाही. कटू आहे, पण तपासाची दिशा बदलते. फॉलोअरांचा आकडा अचानक घसरला असेल तर साइटनं बनावट खाती साफ केलेली असतात. विकत घेतलेले फॉलोअर याच वेळी वाहून जातात.

ब्लॉक, रिमूव्ह की रिस्ट्रिक्ट

ओळखीच्या माणसाला न दुखावता दूर ठेवायचं असेल तर इन्स्टाग्रामचं 'रिस्ट्रिक्ट' बरं. त्याच्या नव्या कॉमेंट फक्त त्याला दिसतात, संदेश विनंत्यांत पडतात, तुम्ही ऑनलाइन आहात की नाही आणि संदेश वाचलात की नाही हे त्याला कळत नाही. पोस्ट आणि स्टोरी मात्र तो पाहतच राहतो. पोस्ट दिसू नये हा हेतू असेल तर रिस्ट्रिक्ट चुकीचं हत्यार आहे, तिथे प्रायव्हेट खातं आणि 'रिमूव्ह'. फक्त स्टोरी लपवायची तर 'हाइड स्टोरी'. स्टोरी २४ तासांनी जाते, पण हायलाइटमध्ये ठेवली की पब्लिक खात्यावर ती वर्षानुवर्षं कुणालाही उघडते. जुने हायलाइट तपासणं लोक विसरतात.

त्रास देणाऱ्याला ब्लॉकच. इन्स्टाग्रामवर ब्लॉक करताना त्याची इतर आणि पुढे निघणारी खातीही धरण्याचा पर्याय येतो, तोच निवडा. फेसबुकवर अनब्लॉक केल्यावर मैत्री परत येत नाही आणि पुन्हा ब्लॉक करायला ४८ तास थांबावं लागतं. त्यामुळे 'बघू जरा काय लिहितोय' म्हणून अनब्लॉक करणं अंगाशी येतं. एक्सवर ब्लॉकचा अर्थच बदललाय: २०२४ च्या नोव्हेंबरपासून ब्लॉक केलेल्याला तुमच्या पब्लिक पोस्ट वाचता येतात, फक्त उत्तर, लाइक, रीपोस्ट करता येत नाही. तिथे वाचणंही थांबवायचं तर खातं प्रोटेक्ट करण्यावाचून इलाज नाही.

न केलेले फॉलो दिसतात

कधी फॉलो केलेलं नाही अशी खाती 'फॉलोइंग' मध्ये दिसू लागली, तर प्रायव्हसी सेटिंगकडे न जाता सुरक्षेकडे जा. कुणीतरी तुमच्या खात्यातून काम करतंय, आणि बहुधा त्याला दार तुम्हीच उघडून दिलंय: 'प्रोफाइल कोणी पाहिलं ते बघा' किंवा 'अनफॉलो करणारे शोधा' अशा ॲपला. फेसबुक आणि इन्स्टाग्राम प्रोफाइल पाहणाऱ्यांची यादी कुणालाच देत नाहीत, त्यामुळे ती दाखवणारं ॲप थापच मारतं. पासवर्ड बदला, 'लॉगइन ॲक्टिव्हिटी' मधून अनोळखी उपकरणं बाहेर काढा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. मग 'ॲप्स अँड वेबसाइट्स', एक्सवर 'कनेक्टेड ॲप्स', उघडून ओळखू न येणारी प्रत्येक नोंद काढा. ही शेवटची पायरी राहिली तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण ॲपला दिलेली परवानगी पासवर्डवर अवलंबून नसते.

गूगलवर अजून दिसतंय

सगळं बंद केल्यावरही शोधात जुना मजकूर दिसत असेल तर ती गूगलकडची जुनी नोंद आहे. फेसबुकवर बाहेरच्या शोधयंत्रांना प्रोफाइल जोडू द्यायचं का हा प्रश्न 'हाऊ पीपल फाइंड अँड काँटॅक्ट यू' मध्येच आहे, त्याला नकार द्या. इन्स्टाग्रामचं प्रोफेशनल खातं असेल तर 'अकाउंट प्रायव्हसी' मध्ये फोटो आणि व्हिडिओ शोधयंत्रांत दिसू देण्याचं वेगळं बटण आहे, तेही बंद करा. मग गूगलच्या 'रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट' या पानावर त्या निकालाचा पत्ता टाकून विनंती करा. मूळ पान खरंच बंद झालं असेल किंवा त्यावरचा मजकूर बदलला असेल तरच ती मंजूर होते, म्हणून हे काम सगळ्यात शेवटी. विनंती फेटाळली गेली तर इन्कॉग्निटोची तपासणी पुन्हा करा; कुठली तरी पोस्ट अजून पब्लिक आहे.